वेळ जमविणारा नवाब

हिंगोली : मराठवाड्यातील माणूस हैदराबादला निघाला की त्याच्या यादीत दोन ठिकाणे ठरलेली असतात. एक चारमिनार आणि दुसरे सालारजंग संग्रहालय. दवाखान्याच्या कामासाठी गेलेला असो, लग्नाच्या खरेदीसाठी गेलेला असो की मुलाच्या प्रवेशासाठी, हिंगोली, परभणी, नांदेडकडची मंडळी दुपारी बारा वाजण्यापूर्वी संग्रहालयातील त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जाऊन बसतात. तास भरण्यास काही मिनिटे उरली की घड्याळाच्या वरच्या भागातील छोटे दार उघडते. एक चिमुकला दाढीवाला माणूस बाहेर येतो, घंटेजवळ उभा राहतो, जितके वाजले तितके टोल देतो आणि आल्या वाटेने परत जातो. बारा टोल ऐकायला मिळावेत म्हणून दुपारची गर्दी सर्वांत मोठी असते. टोल संपतात, गर्दी पांगते आणि प्रत्येकजण घरी जाऊन त्या घड्याळाचे वर्णन करतो.

मात्र ज्यांच्या नावाने हे संग्रहालय उभे आहे ते सालारजंग कोण, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. निजामाचे कोणी सरदार असावेत, इतकीच पुसट माहिती असते. वास्तविक सालारजंग ही पदवी धारण करणारे एकाच घराण्यातील तीन पुरुष होऊन गेले आणि तिघांनीही हैदराबाद संस्थानाची दिवाणगिरी केली. संग्रहालयातील बहुतांश वस्तू ज्यांनी जमविल्या ते तिसरे सालारजंग, म्हणजेच नवाब मीर युसूफ अली खान. त्यांचा जन्म पुण्याचा होता, ही गोष्ट तर मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

हिंगोलीशी असलेले नाते

सालारजंग घराण्याचा हिंगोलीशी संबंध तसा जुना आहे. निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची एक मोठी छावणी हिंगोलीत होती. या फौजेच्या पगाराचे पैसे थकत गेले आणि निजाम सरकार कर्जात बुडाले. अखेर मे १८५३ मध्ये झालेल्या तहाने वऱ्हाडचा सुपीक मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच महिन्यात दिवाण सिराज-उल-मुल्क यांचे निधन झाले आणि त्यांचे पुतणे मीर तुराब अली खान दिवाणपदावर आले. तेच पहिले सालारजंग होत. त्या वेळी ते अवघे चोवीस वर्षांचे होते.

रिकामा खजिना, गहाण पडलेले दागिने आणि बेबंद कारभार अशा अवस्थेत हाती आलेले संस्थान या तरुण दिवाणाने तीस वर्षांत सावरले. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी अमलात आणली. महसूल गोळा करण्याचे मक्ते बंद करून जिल्हे, तालुके आणि पगारी अधिकारी अशी घडी बसविली. परभणी जिल्हा याच घडीतून आकाराला आला आणि हिंगोली त्याचा भाग झाले. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा या व्यवस्थेची मुळे कोठवर जातात याची आठवण फारशी कोणी काढली नाही. हिंगोलीची छावणीही विसाव्या शतकाच्या आरंभीच मोडली गेली.

पहिले सालारजंग १८७६ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले. रोममध्ये त्यांनी बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेला बुरख्यातील रिबेकाचा संगमरवरी पुतळा विकत घेतला. चेहऱ्यावर ओढलेल्या झिरझिरीत वस्त्राचा भास निव्वळ दगडातून निर्माण करणारा हा पुतळा आज संग्रहालयाचे भूषण मानला जातो. संग्रहाचे बीज आजोबांनी पेरले होते. त्याचा वृक्ष नातवाच्या हातून झाला.

पुण्यात जन्म, हैदराबादेत बालपण

१८८३ मध्ये पहिल्या सालारजंगांचे निधन झाले. त्यांचे पुत्र मीर लायक अली खान हे दुसरे सालारजंग म्हणून १८८४ मध्ये दिवाण झाले. परंतु तरुण निजाम महबूब अली खान यांच्याशी त्यांचे फार काळ पटले नाही. १८८७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे त्यांचा मुक्काम पुण्यात असताना १३ जून १८८९ रोजी युसूफ अली खान यांचा जन्म झाला. काही आठवड्यांतच लायक अली खान यांचे पुण्यातच निधन झाले. बाळाला वडिलांचा चेहरा आठवण्याचाही प्रश्न नव्हता. वारशाने मात्र अफाट जहागीर, हैदराबादेतील दिवाण देवडी नावाचा विस्तीर्ण वाडा आणि दिवाणाचे नाव एवढे सारे त्याच्याकडे आले.

योगायोग असा की, ज्या वर्षी युसूफ अली जन्मले त्याच वर्षी चारमिनारच्या चारही बाजूंना घड्याळे बसविण्यात आली. तोवर हैदराबादचा दिवस अजान, तोफ आणि सूर्य यांच्यावर चालत असे. आगगाडी, कचेऱ्या आणि शाळा आल्या तशी घड्याळाची वेळ शहराच्या अंगवळणी पडू लागली. पुढे ज्यांच्या दालनांतून शेकडो लंबक हलणार होते त्या नवाबांचे बालपण अशा बदलत्या शहरात गेले.

जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली चालू राहिला आणि युसूफ अलींचे शिक्षण सुरू झाले. हैदराबादेत मदरसा-ए-आलिया आणि निजाम कॉलेज येथे ते शिकले. अरबी, फारसी आणि इंग्रजी या भाषांशी त्यांचा परिचय झाला. वाड्यात आजोबांनी आणलेल्या पाश्चात्त्य वस्तू होत्या, हस्तलिखिते होती, शस्त्रे होती. आईबापांच्या सहवासातून मूल जे शिकते त्याचा काही भाग या मुलाने कदाचित वस्तूंकडूनच घेतला असावा.

अडीच वर्षांची दिवाणगिरी

१९११ मध्ये निजाम महबूब अली खान यांचे निधन झाले आणि मीर उस्मान अली खान सातवे निजाम म्हणून गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, त्यांनी महाराजा किशन प्रसाद यांच्या जागी युसूफ अली खान यांची दिवाण म्हणून नेमणूक केली. आजोबा चोविसाव्या वर्षी, वडील विशीच्या आरंभी आणि नातू तेविसाव्या वर्षी, असा हा घराण्याचा क्रम होता. राज्यकर्ता निजामही तेव्हा पंचविशीतच होता. दोन तरुणांच्या हाती एका मोठ्या राज्याचा कारभार आला होता.

मात्र उस्मान अली खान यांना सत्ता वाटून घेण्याची फारशी आवड नव्हती. पूर्वसूरींप्रमाणे बलवान दिवाण पुन्हा निर्माण होऊ नये, असा त्यांचा कल होता. १९१४ च्या अखेरीस सालारजंगांनी राजीनामा दिला. त्यानंतर काही वर्षे निजामांनी दिवाणच नेमला नाही आणि कारभार स्वतःच्या हाती ठेवला. अवघ्या पंचविसाव्या वर्षी युसूफ अली खान यांचे राजकीय आयुष्य संपले. त्यानंतर सुमारे चौतीस वर्षे ते जगले, परंतु त्या पदावर पुन्हा कधीही गेले नाहीत. त्यांनी विवाह केला नाही. संसार नाही, सत्ता नाही, अशा स्थितीत हाती उरली ती संपत्ती आणि वेळ. या दोन्हींचा विनियोग त्यांनी एकाच कामात केला, तो म्हणजे वस्तू जमविण्यात.

दिवाण देवडीतील जग

नवाबांची नजर एका विषयात अडकणारी नव्हती. चिनी मातीची भांडी, फारसी गालिचे, मोगलकालीन लघुचित्रे, युरोपीय तैलचित्रे, हस्तिदंती खुर्च्या, जेड दगडाची पात्रे, काचेची झुंबरे, हस्तलिखिते आणि लहान मुलांची खेळणी, हे सारे दिवाण देवडीत दाखल होऊ लागले. जहांगीर बादशहाचा खंजीर आणि नूरजहानची म्हणून ओळखली जाणारी फळे कापण्याची सुरी आज याच संग्रहात पाहावयास मिळते. नवाब स्वतः युरोप आणि मध्यपूर्वेच्या प्रवासाला जात. शिवाय त्यांची आवड व्यापाऱ्यांमध्ये सर्वश्रुत झाल्यामुळे देशोदेशींचे विक्रेते आपला माल घेऊन वाड्यावर येत. नवाब निवड करीत आणि निवडलेली वस्तू एखाद्या दालनात जाऊन बसे.

या सर्व पसाऱ्यात घड्याळांचे स्थान वेगळे होते. चित्र भिंतीवर टांगले की त्याचे काम संपते. घड्याळाला किल्ली द्यावी लागते, तेल द्यावे लागते, त्याची चाल सांभाळावी लागते. ज्याच्या घरी शंभर घड्याळे असतात त्याच्या घरी शंभर जबाबदाऱ्या असतात. नवाबांच्या संग्रहात फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी आणि हॉलंड येथे बनलेली घड्याळे होती. पुरुषभर उंचीची लाकडी पेटीतील घड्याळे होती, मेजावर ठेवायची होती, आतील यंत्र उघडे दिसावे अशा रीतीने केवळ सांगाडा ठेवलेली होती. पक्ष्यांच्या पिंजऱ्याच्या आकाराची घड्याळे होती. सावलीवर वेळ दाखविणारी सूर्यघटिकाही होती. भिंगाशिवाय ज्यांचे काम नीट दिसू नये इतकी चिमुकली घड्याळेही त्यांनी मिळविली होती.

ठोक्यांचे शास्त्र

ठोके देणाऱ्या घड्याळाचे आकर्षण जगभरातील शौकिनांना का वाटते, हे समजून घेण्यासाठी त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. साध्या घड्याळात एकच यंत्रमाला असते. गुंडाळलेली स्प्रिंग किंवा लोंबणारे वजन दातेरी चक्रांना गती देते आणि लंबक किंवा तोलचक्र त्या गतीला लगाम घालून काटे सारख्या चालीने फिरवते. ठोक्याच्या घड्याळात दुसरी स्वतंत्र यंत्रमाला असते. तिची स्प्रिंग वेगळी, चक्रे वेगळी. तास पूर्ण होण्याच्या क्षणी पहिली यंत्रमाला दुसरीला मोकळे करते. किती ठोके द्यायचे हे पायऱ्या कापलेल्या एका चकतीवरून ठरते. एकच्या पायरीवर एक ठोका, बाराच्या पायरीवर बारा. हे काम चुकता कामा नये, कारण काटा मिनिटभर मागे राहिला तरी लक्षात येत नाही. ठोका एकाने कमी पडला तर मात्र घरातील लहान मूलही ओळखते.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कारागिरांनी याहून पुढची मजल मारली. कळ दाबताच गेलेला तास आणि पाव तास वाजवून सांगणारी यंत्रणा त्यांनी तयार केली. एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर या दोघांमध्ये तिच्या हक्कावरून वाद झाला आणि १६८७ मध्ये तो राजा दुसरा जेम्स याच्यापुढे गेला. राजाने क्वेअरच्या बाजूने कौल दिला. या घड्याळांना रिपीटर असे नाव पडले. वीज नसलेल्या त्या काळात मध्यरात्री चकमक झाडून दिवा लावण्यापेक्षा उशाशी ठेवलेल्या घड्याळाची कळ दाबणे सोपे होते. पुढे मिनिटेही वाजवून सांगणारी घड्याळे निघाली. अशा घड्याळात बारा वाजून एकोणसाठ मिनिटे झाली असता कळ सरकवली तर आधी खालच्या सुरात बारा ठोके पडतात, मग तीन पाव तासांचे तीन जोडठोके पडतात आणि शेवटी वरच्या सुरात चौदा मिनिटांचे चौदा ठोके पडतात. ऐकणाऱ्याने मोजायचे आणि वेळ जाणायची.

पूर्वी यासाठी घड्याळात छोटी घंटा बसवावी लागे आणि त्यामुळे घड्याळ जाड होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेगे या पॅरिसमधील कारागिराने घंटेऐवजी वळवलेल्या पोलादी तारेचा उपयोग रूढ केला आणि घड्याळे सडपातळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच यंत्रणा मनगटी घड्याळात बसविण्यात स्वित्झर्लंडमधील कारागिरांना यश आले. नाण्याएवढ्या जागेत शेकडो भाग बसवायचे, हातोडीचा आघात मऊ ठेवायचा आणि तरीही नाद स्वच्छ ऐकू यावा असा साधायचा, हे काम आजही मोजक्याच हातांना जमते. त्यामुळेच ठोके देणारे मनगटी घड्याळ हे शौकिनांच्या दुनियेत शिखर समजले जाते आणि त्याची किंमत एखाद्या बंगल्याएवढी असू शकते. वास्तविक आज त्याची गरज कोणालाच उरलेली नाही. गरज संपल्यानंतरही कारागिरी जिवंत राहिली, ती केवळ जमविणाऱ्यांच्या हौसेमुळे.

लोहार आणि टोलकरी

संग्रहालयातील प्रसिद्ध घड्याळ याच परंपरेतील, पण उलट्या दिशेचे आहे. मनगटी घड्याळ एकट्या मालकाच्या कानाशी बोलते. हे मात्र सर्वांना ऐकू जाईल असे आहे. कलकत्त्यातील कूक अँड केल्वी या नामांकित पेढीकडून ते सालारजंगांच्या संग्रहात आले. त्याचे भाग इंग्लंडमध्ये बनले आणि जुळणी कलकत्त्यात झाली, असे सांगितले जाते. साडेतीनशेहून अधिक भागांच्या या यंत्रात वार, तारीख आणि महिना दाखविणारे वेगवेगळे चौकोन आहेत. उजव्या बाजूला एक लोहार बसला आहे आणि त्याची हातोडी दर सेकंदाला ऐरणीवर पडते. तासाला टोल देणारा दाढीवाला माणूस वरच्या भागात राहतो.

पाहणाऱ्यांचे लक्ष नेहमी त्या टोलकऱ्याकडे असते. तो तासातून एकदा येतो, मानाने येतो आणि टाळ्या घेऊन जातो. लोहार मात्र दिवसरात्र घाव घालीत असतो. तासाला साठ मिनिटे, मिनिटाला साठ घाव, म्हणजे एका टोलकऱ्याच्या दर्शनामागे लोहाराचे तीन हजार सहाशे घाव पडतात. नवाबी थाटामागे कोणाचे कष्ट होते हा विचार मनात येण्यासाठी याहून बोलके चित्र शोधावे लागत नाही.

पैसा कोठून आला

तो विचार टाळताही येत नाही. सालारजंगांची जहागीर संस्थानातील मोठ्या जहागिरींपैकी एक होती. तिच्यात तीनशेहून अधिक गावे होती आणि ती अनेक जिल्ह्यांत विखुरलेली होती. कर्नाटकातील कोप्पळ, यलबुर्गा हे भाग तिच्यात होते, तसेच मराठवाड्यातील अजिंठाही होते. या गावांतील रयत जो सारा भरीत असे, त्यातून दिवाण देवडीचा खर्च चाले आणि त्यातूनच पॅरिस, लंडनच्या पेढ्यांची देणी भागत. कापूस आणि ज्वारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी त्या काळी घड्याळ नव्हते. त्याची वेळ कोंबड्याच्या आरवण्यावर आणि सावलीच्या लांबीवर चाले. त्याच्या घामाचे मोल मात्र नवाबांच्या दालनात दर तासाला वाजत होते.

हे नवाबांचे एकट्याचे पाप नव्हे. ती त्या काळाची रीतच होती आणि त्यांचे अनेक समकालीन जहागीरदार हाच पैसा शिकारी, मेजवान्या आणि कोर्टकचेऱ्यांत उडवीत होते. परंतु संग्रहाचे कौतुक करताना हा हिशेब विसरला तर ते कौतुक अपुरे राहते. आणि हा हिशेब लक्षात ठेवला, तर पुढे या संग्रहाचे जे झाले त्याचे महत्त्व अधिक नीट कळते.

तुलनेसाठी त्याच काळातील एक परदेशी उदाहरण पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्कचे धनिक हेन्री ग्रेव्हज यांनी स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप या कंपनीकडून खिशात ठेवायचे एक घड्याळ खास बनवून घेतले. ते १९३३ मध्ये त्यांच्या हाती आले. वेळेखेरीज चोवीस निरनिराळी कामे करणाऱ्या त्या घड्याळात लंडनच्या वेस्टमिन्स्टर मनोऱ्याच्या धर्तीवरील टोलही होते. मालकाच्या पश्चात ते हस्ते परहस्ते फिरत राहिले आणि २०१४ मध्ये जिनिव्हातील लिलावात सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना विकले गेले. घड्याळ उत्तम, किंमत विक्रमी, पण ते पुन्हा एका खासगी तिजोरीत गेले. सालारजंगांच्या घड्याळांची वाट वेगळी ठरली.

एक अखेर, दोन तारखा

सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने हैदराबादेत पोलिस कारवाई केली. १७ सप्टेंबर रोजी निजामाची राजवट संपुष्टात आली आणि मराठवाडा मुक्त झाला. हिंगोलीसह सर्व जिल्ह्यांत तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. सालारजंग तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. ज्या व्यवस्थेत ते जन्मले आणि वाढले ती त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत होती. २ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या साडेपाच महिन्यांनी, ऑगस्ट १९४९ मध्ये, जहागिरी रद्द करणारा कायदा लागू झाला. जहागीरदार आणि जहागीर यांचा अंत असा एकाच वर्षात झाला.

थेट वारस नव्हता. दूरचे नातेवाईक मात्र पुष्कळ होते. अशा वेळी अशा संग्रहांचे काय होते, याची उदाहरणे संस्थानी भारतात जागोजागी आढळतात. वस्तू वाटून घेतल्या जातात, दलाल येतात आणि दहा वर्षांत सारे विखरून जाते. सालारजंगांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारने समिती नेमली. संस्थानाचे तेव्हाचे मुख्य प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी या वस्तूंचे संग्रहालय व्हावे असा पुढाकार घेतला. मांडणीसाठी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांची मदत घेण्यात आली. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या दालनांत पूर्वी निवडक पाहुण्यांनाच प्रवेश होता तेथे तिकीट काढून कोणीही जाऊ लागले.

पुढे नातेवाइकांशी न्यायालयात तडजोड झाली आणि संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन करण्यात आला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. १९६८ मध्ये ते मुसी नदीच्या काठावरील आजच्या इमारतीत हलविले गेले. या सर्व धामधुमीत बऱ्याच वस्तू गहाळ झाल्या, चोरीस गेल्या, असे हैदराबादेत आजही बोलले जाते. तरीही जे शिल्लक राहिले ते थोडे नाही. सुमारे ४३ हजार कलावस्तू आणि ५० हजारांच्या घरात ग्रंथ व हस्तलिखिते, अशी या संग्रहाची व्याप्ती सांगितली जाते.

ज्या पुण्यात नवाबांचा जन्म झाला त्याच पुण्यात त्यांच्या समकाळातच आणखी एक संग्राहक घडत होता. दिनकर केळकर यांचे चष्म्यांचे दुकान होते. जहागीर नव्हती, दलाल नव्हते. गावोगाव फिरून त्यांनी अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे जमविले. अल्पवयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये तो सारा ठेवा महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. एकाने नवाबी थाटात जमविले, दुसऱ्याने पोटाला चिमटा घेऊन. दोन्ही घरांतील वस्तू अखेर लोकांच्या झाल्या. केळकरांनी आपला संग्रह स्वतःच्या हाताने दिला, सालारजंगांचा संग्रह मात्र परिस्थितीने आणि काही अधिकाऱ्यांच्या दूरदृष्टीने वाचला, एवढा फरक.

मराठवाड्याचा वाटा

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ मध्ये स्वतंत्र राज्य झाले. जमीन वाटली गेली, नोकर वाटले गेले, दप्तरे वाटली गेली. संग्रहालय वाटता येण्यासारखे नव्हते आणि ते वाटले गेले नाही, हे बरेच झाले. ते केंद्र सरकारच्या अखत्यारीत राहिले. त्यामुळे अजिंठ्याच्या, कोप्पळच्या आणि तेलंगणातील गावांच्या साऱ्यातून जे जमले ते आज त्या सर्वांना सारख्याच हक्काने पाहता येते. हिंगोलीचा माणूस त्या घड्याळासमोर पाहुणा म्हणून बसत नाही. जुन्या राज्याच्या खजिन्यात त्याच्याही पणजोबाचा वाटा आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि तो सेकंदापर्यंत अचूक वेळ दाखवतो. गावाकडील घरांतून ठोक्याची घड्याळे केव्हाच उतरली. ती दुरुस्त करणारे कारागीरही बाजारपेठेतून कमी झाले. किल्ली देणारा हात थांबला की यांत्रिक घड्याळ काही दिवसांत मुके होते. सालारजंगांच्या घड्याळाला त्यांच्या मृत्यूनंतरही कोणी ना कोणी किल्ली देत राहिले, कधी समितीचे नोकर, कधी संग्रहालयाचे कर्मचारी. पंचविसाव्या वर्षी सत्तेबाहेर पडलेल्या, बायकामुले नसलेल्या एका माणसाची हौस त्या अनाम हातांनी टिकविली.

शुक्रवारी संग्रहालय बंद असते. इतर कोणत्याही दिवशी हैदराबादला गेलात तर दुपारी बाराच्या आधी जरूर जा. टोलकरी येईल, बारा टोल देईल आणि दार बंद होईल. गर्दी उठल्यावर मात्र क्षणभर थांबावे आणि उजवीकडच्या लोहाराकडे पाहावे. त्याचे काम तेव्हाही चालूच असते.